फलाट क्रमांक दोनवरचं साक्षगंध

अमरावतीतल्या आमच्या वस्तीच्या सांस्कृतिक भवनात खोल्या नव्हत्या, फलाट होते. तळमजल्यावरची लहान खोली म्हणजे फलाट क्रमांक एक, मोठा हॉल दोन, माडीवरची खोली तीन आणि गच्ची म्हणजे डेपो. हे नामकरण कुठल्या समितीनं केलं नव्हतं. आमच्या व्यवस्थापकांनी केलं होतं आणि ते इतक्या गंभीरपणे वापरायचे की वर्षभरात आम्हीही वापरायला लागलो. आजही घरी कोणी विचारलं, या महिन्याची भिशी कुठे आहे, तर माझ्या तोंडून 'तीनवर' असंच येतं.

ते बत्तीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण स्टँडवरून नाही. सगळे त्यांना कंट्रोलर साहेब म्हणत, मीही इथे तेच म्हणते. बुटके, काटक, खाकी पँट, गळ्यात शिट्टी आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. दारातून आत गेलं की डाव्या हाताला त्यांची खिडकी, आणि खिडकीत माइक. हा माइक भवनाच्या तिन्ही मजल्यांवर ऐकू जाईल अशी व्यवस्था त्यांनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात स्वतः वायरी ओढून केली होती.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या शाळेच्या हेडक्लार्कच्या निरोप समारंभात. सत्कारमूर्ती हातात रुमाल घेऊन बोलत होते आणि वरून आवाज आला, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. बडनेऱ्याहून येणारं डोहाळजेवण फलाट क्रमांक एकवर लागलं आहे. फलाट क्रमांक दोनवरची सेवानिवृत्ती सोळा वाजून तीस मिनिटांनी सुटेल. सामान विसरू नये." सत्कारमूर्तींनी रुमाल खिशात घातला आणि शाल-श्रीफळ उचललं. सोळा एकोणतीसला हॉल रिकामा होता. मी तेव्हाच ठरवलं की हा माणूस कामाचा आहे. पुढे मी भवनाच्या समितीची सचिव झाले, तेव्हा माझं आणि त्यांचं रोजचं काम पडायला लागलं.

बुकिंगला आलेल्या माणसाला ते आधी 'बसा' म्हणत नसत. पहिला प्रश्न, "कुठून कुठं?"

माणूस गोंधळून म्हणायचा, "मुंज आहे."

"मुंज आहे ते समजलं. किती वाजता लागते, किती वाजता सुटते? चढणारे किती?"

चढणारे म्हणजे जेवणारे. मग ते आकडा लिहून घेत, त्यात स्वतःच्या मनाने वीस मिळवत आणि म्हणत, "उभ्यानं येणारे कोणी सांगत नाई."

वेळ ते चोवीस ताशीच सांगायचे. आमच्या भजनी मंडळाच्या काकूंना त्यांनी एकदा सांगितलं, सतरा वाजता या. काकू म्हणाल्या, "कंट्रोलर साहेब, आमच्या घड्याळात बाराच वाजतात."

"मंग तुमचं घड्याळ हाफ तिकिटाचं आहे. पाचले या."

काकू हे वर्षभर सगळ्यांना सांगत फिरल्या. भजनी मंडळ मात्र त्यानंतर एकदाही उशिरा आलं नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे शेतीवरच्या सभा फार व्हायच्या. कापसाचं काय, सोयाबीनचं काय, फवारणीचं काय. बोलणारे बाहेरून यायचे, आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असायचं ते मागच्या दोन रांगांत डोक्याचे दुपट्टे मांडीवर घेऊन बसायचे. एका सभेत एक पाहुणे सव्वा तास बोलले. मध्ये पाणीसुद्धा प्याले नाहीत. शेवटी खिडकीतून घोषणा झाली, "फलाट क्रमांक दोनवरची विनाथांबा गाडी इथून पुढं सर्व थांबे घेईल. मागच्या प्रवाशांनी हात दाखवावा."

मागे खरोखरच हात वर झाले. एक जण उभा राहिला आणि चार मिनिटं आपल्या बियाण्याबद्दल बोलला, मग दुसरा, मग तिसरा. पाहुणे नाराज होऊन गेले. समितीकडे तक्रार आली, ती मी फाईलला लावली. मी त्या वर्षात ऐकलेली कामाची सभा ती एकच.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तितक्या कमी आहेत. दुचाक्या सगळ्या तोंड रस्त्याकडे करूनच लावायच्या, नाहीतर शिट्टी. ईदला ते घरून शीरखुर्म्याचं पातेलं आणायचे आणि 'जादा गाडी' म्हणून फलाट एकवर ठेवायचे. त्या दिवशी भवनात ज्याचा कार्यक्रम असेल त्याचे सगळे पाहुणे त्यात धरलेले असत. 'रद्द' हा शब्द त्यांना चालत नसे. लग्न मोडलं म्हणून एकदा एक वडील तारीख रद्द करायला आले. साहेब म्हणाले, "रद्द नाई करत. मागच्या गाडीत बसवतो." आणि स्थळाचा पत्ता नसताना त्यांनी त्या माणसाला चार महिन्यांनंतरची एक तारीख पेन्सिलने लिहून दिली. ती तारीख उपयोगी पडली की नाही, मला माहीत नाही. वडील गेटबाहेर पडताना कागदाची घडी घालून पाकिटात ठेवत होते, एवढं पाहिलं.

आता ते अकोल्याला मुलाकडे असतात. त्यांच्या इमारतीत लिफ्ट एकच आहे. मागच्या वेळी मी गेले तेव्हा लिफ्टच्या दाराशी हाताने लिहिलेलं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. "कोणी पाळत नाही," सुनेनं मला हळूच सांगितलं.

"पाळतात," साहेब आतल्या खोलीतून म्हणाले.

तर, साहेब खिडकीत असतानाच ऑनलाईन बुकिंग मी आणलं. कोणाची पोरं पुण्यात, कोणाची हैदराबादला. तिथून त्यांना आईवडिलांच्या कार्यक्रमासाठी हॉल बघायचा असे, आणि फोन केला की इकडून 'कुठून कुठं?' हा प्रश्न यायचा. मला त्यात गंमत वाटत नव्हती, वेळ जात होता. समितीकडून मंजुरी घेतली, पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं. मोबाइलवर फॉर्म भरायचा, तारीख निवडायची, कार्यक्रमाचा प्रकार निवडायचा. दिलेल्या दोन नंबरांवर आपोआप मेसेज जाणार. सोपं काम.

पहिल्या दिवशी साहेबांनी कार्यक्रमांची यादी वाचली आणि मला बोलावलं. "बाई, हे साखरपुडा काय असते?"

"साक्षगंध हो. पुण्याकडे साखरपुडा म्हणतात."

"तेरवी कुठी आहे? गंधमुक्ती कुठी आहे? रोडग्याचं जेवण कुठी आहे?" यादीत बोट फिरवत ते म्हणाले. "हे तं दुसऱ्या डिव्हिजनचं वेळापत्रक आहे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेराव्याच्या तेरवीपासून नवसाच्या रोडग्यांपर्यंत मी दोन पानं भरून आपल्याकडचे शब्द कंपनीला पाठवले. त्यांनी निमूट घातले आणि वर एक चौकट दिली, तिच्यात दोन अक्षरं टाकली की यादीतला शब्द समोर येईल. आता अडचण अशी की 'साक्षगंध' मधला 'क्ष' मोबाइलवर कोणाला सापडेना. लोक 'साशगंध', 'साखगंध', काय वाटेल ते टाकायचे आणि यादी रिकामी दिसायची. त्यावर मी एक युक्ती काढली. नुसतं 'गंध' टाका, येते. तशी सूचनाच मी खिडकीवर लावली.

साहेबांनी 'गंध' टाकून पाहिलं. दोन शब्द आले. वर गंधमुक्ती, खाली साक्षगंध. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साक्षगंध म्हणजे मुलीच्या कपाळी कुंकू लावून लग्न पक्कं करणं, आणि गंधमुक्ती म्हणजे माणूस गेल्यावर तेरवीच्या वेळी सुतक फिटून घरच्यांनी पुन्हा कपाळी गंध लावणं.

"बाई, हे बराबर नाई," ते म्हणाले. "स्टँडवर दोन अंजनगाव होते. एक सुर्जी, एक बारी. निम्मे प्रवासी नुसतं अंजनगाव वाचून चढत. सुर्जीचा माणूस बारीले उतरे अन् मले शिव्या देई."

"वाचता येणारी माणसं आहेत साहेब. खालचं दाबायचं, वरचं नाही. एवढं कोणाला समजत नाही का?"

"समजते सगळ्याईले. घाई असली का नाई समजत."

मी सूचना काढली नाही. पुढचे तीन महिने कोणाचीही चूक झाली नाही. चौथ्या महिन्यात झाली, आणि ती मी केली.

माझ्या थोरल्या दिरांची मुलगी प्राची कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. तिनं वरूडचा निखिल पसंत केला होता. तो त्याच्या बहिणीला क्लास लावायला आला होता, तिथली ओळख. मुलगा शिकलेला, पण घरची संत्र्याची बाग करणारा, आणि तेच करत राहणार असं स्वच्छ सांगणारा. त्या वर्षांत हे असं सांगणं म्हणजे लग्नाच्या बाजारातून उठून जाणं होतं. ज्यांच्या स्वतःच्या घरी वावर, म्हणजे शेत होतं, ते लोकही मुलगी वावरात द्यायला तयार नसत. निखिलला अकरा ठिकाणांहून नकार आला होता आणि तो त्यानं लपवला नव्हता. प्राची म्हणाली, "अकरा जणींनी सोडला म्हणून मले भेटला." दीर-जाऊ तयार झाले. तयार नव्हत्या त्या माझ्या नणंद, अकोल्याच्या ताई. घरात थोरल्या, आणि त्यांच्या शब्दाबाहेर माझे दीर आयुष्यात कधी गेले नव्हते.

हॉल बुक करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. शाळेत जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा, एका हातात मोबाइल. तारीख टाकली, फलाट दोन निवडला, नावांच्या दोन चौकटींत 'प्राची' आणि 'निखिल' लिहिलं, दिरांचा आणि वरूडच्या व्याह्यांचा असे दोन नंबर दिले. 'गंध' टाकलं. घंटा झाली. मी वरचं दाबलं.

पाच मिनिटांत दिरांचा फोन. त्यांच्या हातून फोन घेऊन प्राचीनं मेसेज वाचून दाखवला. "कै. प्राची आणि कै. निखिल यांच्या गंधमुक्तीसाठी हॉल क्रमांक दोन निश्चित करण्यात आला आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." मधे थांबून ती म्हणाली, "काकू, जेवण किती जणाईचं सांगितलं?"

ती हसत होती. निखिलनं तिला तोवर मेसेज केला होता, "मी तं जिवंत आहो. तू?" ही दोघं हसत होती म्हणून मीही हसले. मग कळलं की दिरांनी घाबरून पहिला फोन ताईंना केला होता, आणि वरूडहून घरातलं मोठं कोणीही फोन उचलत नाहीये.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच अकोल्याहून आल्या. चहा घेतला नाही. पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "मोडा."

"ताई, मशीनची चूक आहे," दीर म्हणाले.

"मशीनले सांगितलं कोणं?"

"मी सांगितलं," मी म्हटलं. "वरचं दाबलं. चूक माही आहे, देवाची नाई."

"तुही तं आहेच. पण देवानं तुहंच बोट कावून धरलं? जित्या पोरीच्या नावामांगं कैलासवासी लागलं अन् तुमी पेढे वाटता! वरूडवाले फोन उचलत नाई म्हंजे तेही समजले. आता मोडत नसान तं पुढं ढकला."

पुढं ढकलणं म्हणजे मोडणंच होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ताईंच्या मनात मेसेज नव्हता, वावर होतं. आमच्याकडची शेती त्यांनी लहानपणापासून पाहिली होती आणि तिच्यातून बाहेर पडून त्या अकोल्याला सिमेंटच्या घरात गेल्या होत्या. भाचीनं उलट दिशेनं जावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. हे त्या सरळ बोलल्या असत्या तर प्राचीनं सरळ उत्तर दिलं असतं. पण अपशकुनाला उत्तर कोण देणार? दीर मान खाली घालून बसले. प्राचीचं हसणं संपलं होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून वडिलांकडे बघत होती, आणि वडील तिच्याकडे बघत नव्हते.

मी बाहेर येऊन कंट्रोलर साहेबांना फोन केला. मला वाटलं, भवनाचा माणूस येऊन सांगेल की असा घोळ होऊ शकतो, तर थोडं वजन पडेल. दहा मिनिटांत ते लुनावर आले. तोंड रस्त्याकडे करून लुना लावली, आत आले, पाणी प्याले आणि विचारलं, "गाडी कोठी अडली?"

मी सांगितलं. सांगताना 'तुम्ही म्हणाला होता' हेही सांगितलं, कारण ते म्हणाले होते. मग साहेब ताईंच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"ताई, तुमी अकोल्याहून आल्या?"

"हो."

"किती वाजता उतरल्या?"

"असन सव्वानऊ."

साहेबांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, जणू सव्वानऊ अजून त्यात असेल. "नऊ पंधरा. अकोल्याकडून. बोर्ड कोणता होता गाडीले?"

ताईंनी डोळे बारीक केले. "तुमाले काय कराचं?"

"सांगा तं."

ताईंनी तोंड फिरवलं. माझी जाऊ स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी गेलो होतो घ्याले. वरूडची गाडी होती."

"वरूड," साहेब म्हणाले. "मले माहीत आहे. अकोला-वरूड, अमरावतीवरून. बत्तीस साल मीच सोडली ते गाडी. म्हंजे ताई, तुमी सकाळी घरून निंघाल्या अन् डायरेक्ट वरूडच्या गाडीत बसल्या."

प्राचीला पुन्हा हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडावर धरली.

"बसलो तं काय झालं?" ताई चिडल्या. "मले इथी उतराचं होतं. मी कंडक्टरले सांगितलं, अमरावतीचं तिकीट दे, त्यानं देल्लं."

"हेच म्हणून राहिलो मी. बोर्डावर वरूड लिहिलं होतं म्हणून तुमी वरूडले नाई गेल्या. बोर्डावर काय लिहिलं त्याच्यानं काई होत नाई ताई. ज्याले जिथी उतराचं ते त्यानं सांगाचं असते. आता या पोरीच्या गाडीले गलत बोर्ड लागला. आमच्या बाईनं लावला, तो मी आजच उतरवतो. पण कोठी उतराचं ते बोर्डाले विचारता, का पोरीले?"

 मग दिरांनी मान वर केली. गेल्या दोन तासांत पहिल्यांदा त्यांनी मुलीकडे बघितलं. "सांग बाई. तुले कुठी उतराचं?"

"वरूडले," प्राची म्हणाली. "मी जातो वरूडले, आत्या. वावर पाहूनच हो म्हटलं आहे."

ताईंनी बराच वेळ साहेबांकडे रागानं पाहिलं. मग पदर सावरत उठल्या. "मी येईन साक्षगंधाले. पण जेवणार नाई, सांगून ठेवतो."

"चढणाऱ्यांत एक कमी धरतो," साहेब म्हणाले आणि खिशातलं पेन काढून तळहातावर लिहिलं.

वरूडचा फोन संध्याकाळी लागला. निखिलचे वडील एवढंच म्हणाले, "आमी येतो ठरल्या दिवशी. बाकी समोरासमोर बोलू." त्या 'समोरासमोर'मुळे दिरांचं जेवण गेलं ते साक्षगंधाच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी भवनात मी सकाळपासून उभी होते. 'गंध'ची सूचना मी स्वतः फाडली होती आणि कंपनीला सांगून गंधमुक्तीतून ते 'कै.' काढायला लावलं होतं. साहेबांनी इस्त्रीची खाकी घातली होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी दोन गाड्या गेटात आल्या, आणि तिन्ही मजल्यांवर ऐकू गेलं, "वरूडहून मोर्शीमार्गे येणारं साक्षगंध फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. हे साक्षगंधच आहे. प्रवाशांनी खात्री करून घ्यावी." फलाट तीनवर कोणाचं तरी बारसं होतं, तिथले लोकही जिन्यात येऊन टाळ्या वाजवून गेले.

कुंकू झालं, ओटी झाली, अंगठ्या झाल्या. सगळं शांतपणे. वरूडची माणसं मोजकं बोलत होती आणि आमची त्याहून कमी. ताई तिसऱ्या रांगेत हात बांधून बसल्या होत्या. मग निखिलचे आजोबा उठले. आबाजी म्हणत त्यांना सगळे. ऐंशीच्या पुढचे, धोतर, पांढरी टोपी, आवाज मात्र वावरातून हाक मारतात तसा. त्यांना माइक लागला नाही.

"दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "तुमचा तो मेसेज आमाले भेटला."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"पोट्ट्यानं वाचून दाखवला. बाया रडाले लागल्या. मी म्हटलं थांबा, पुन्हा वाच. त्यानं वाचलं, तुमच्या दुःखात आमी सहभागी आहो." ते थांबले, सगळ्या हॉलवर नजर फिरवली. "गेल्या सात-आठ वर्षांत लय लोक आले आमच्या दुःखात सहभागी व्हाले. गाड्या घेऊन आले, माळा घालून घेतल्या, बोलून गेले. पोरगी कोणं देल्ली नाई. अकरा जणाईनं चहा पेला अन् उठले. तुमी पयले, जे म्हणता सहभागी आहो अन् खरंच पोरगी देता. मंग मी म्हटलं, मेसेज बरोबर आहे. फोन करून दुरुस्त कायले कराचा?"

 आधी निखिलच हसला, मग प्राची, आणि मग सगळा हॉल असा हसला की जिन्यातून बारशाचे लोक पुन्हा खाली आले. माझे दीर हसता हसता डोळे पुसत होते. मी काही पुसत नव्हते, मला वाढप्यांकडे बघायचं होतं.

आबाजी काठी टेकत तिसऱ्या रांगेपाशी गेले. "तुमी अकोल्याच्या आत्याबाई नं? जेवणार नाई म्हणता, ऐकलं मी." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक संत्रं काढलं. "नका जेवू. हे जेवणात येत नाई."

मोठ्या माणसानं पुढे केलेला हात ताईंना मागे लोटता येईना. त्यांनी संत्रं घेतलं, तिथेच सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आंबट आहे."

"मृगाचा बहार आहे," आबाजी म्हणाले. "झाडावर अजून महिनाभर पायजे. लग्न मार्चात धरलं ते त्याच्यासाठीच."

कंट्रोलर साहेब दाराशी घड्याळ बघत उभे होते, कारण फलाट दोनवर पुढचं लागायला चाळीस मिनिटं उरली होती आणि पंगत अजून बसायची होती. ताईंनी त्यांना हाक मारली. "ओ कंट्रोलरभाऊ, इकडं या. तुमीबी खाऊन पाहा. तुमाले लय समजते नं."

साहेब आले. ताईंच्या हातातली फोड घेऊन त्यांनी तोंडात टाकली, एक डोळा घट्ट मिटला, आणि संत्र्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे बघत म्हणाले, "आंबट तं आहे, ताई. पण तुमी चौथी फोड खाऊन राहिल्या."